सायकल परत येईपर्यंत

घरात मी नवऱ्याला अहो-जाहो करते. लिहिताना मात्र ‘तो’ म्हणणार आहे. एवढी सूट मला हवी.

पन्नाशीच्या तोंडावर त्याने ट्रायथलॉन धरलं तेव्हा मी म्हटलं, नव्याचे नऊ दिवस. आधी पोहायचं, ओल्या अंगाने लगेच सायकल मारायची, उतरून लगेच पळायचं, आणि मध्ये कपडे बदलायला थांबलं तर तो वेळही घड्याळात धरला जातो. कुठला शहाणा माणूस यात टिकेल? पण हा टिकला. मुलगी शिकायला बंगळूरला गेली त्याच उन्हाळ्यात हे खूळ सुरू झालं. तिची खोली रिकामी झाली आणि आठवड्याभरात तिथे काळी सायकल येऊन उभी राहिली. पावसाळ्यात तो चाकाखाली रोलर लावून जागच्या जागी पायडल मारायचा. वारज्यातल्या आमच्या फ्लॅटच्या भिंती बिल्डरने कशाच्या केल्यात देव जाणे, सुट्टीच्या दिवशी संध्याकाळभर पलीकडून घरघर ऐकू यायची. मी सोफ्यावर बसून टीव्हीचा आवाज वाढवायची.

पहाटे अंधारात उठणार आणि रात्री लहान मुलांच्या आधी झोपणार. जेवण संध्याकाळीच, तेही काट्यावर तोलून. मी हडपसरहून ऑफिस आटोपून, दोन बस बदलून घरी पोचायची तोवर त्याचं ताट धुऊन पालथं घातलेलं असायचं. माझं ताट मी वाढून घ्यायची आणि ओट्यापाशी उभ्यानेच जेवायची, कारण एकटीसाठी टेबल पुसायचा कंटाळा यायचा. एकटं राहायची एक रीत असते, ती माणूस शिकतो. घरात दुसरं माणूस असताना एकटं पडलं तर काय करायचं, ते कोणी शिकवत नाही.

बोलायचा नाही असं नाही. सकाळी मनगटावरच्या घड्याळात बघून सांगायचा, ‘काल झोप छान झाली माझी.’ आपल्याला झोप लागली होती हे माणसाला घड्याळाने सांगावं? मी म्हणायची, ‘अभिनंदन.’ मी अमरावतीची असले तरी पुण्यात राहून एवढं शिकले आहे. त्याला टोमणा कळायचा नाही, किंवा कळूनही तो बूट बांधत राहायचा.

अशात ऑफिसात माझ्या बढतीचं निघालं. बढती हवी तर नागपूरला जावं लागणार होतं, निदान तीन वर्षं. मुलीच्या दहावीच्या वेळी मी एकदा नाही म्हटलं होतं. आता नाही म्हटलं तर पुन्हा कोणी विचारणार नव्हतं. सोमवारी सकाळपर्यंत काय ते कळवा, असं साहेबांनी सांगितलं, आणि त्या सोमवारच्या आदल्या रविवारी नवऱ्याची शर्यत होती.

हे मी त्याला सांगितलं नव्हतं. मी हट्टाला पेटले होते. ठरवलं होतं की या माणसाने एकदा, फक्त एकदा विचारावं, ‘तुझं काय चाललंय?’ मग सगळं सांगेन. आठवडे गेले, तो विचारेना. मला जायचं होतं का? खरं सांगू, मला आधी त्याच्या तोंडून ‘नको जाऊस’ ऐकायचं होतं. ते ऐकल्यावर जायचं की नाही, हे मग मी माझं ठरवलं असतं.

शर्यत शहराच्या पश्चिमेला, धरणाच्या पाण्यात आणि भोवतालच्या रस्त्यावर होती. आम्ही झुंजुमुंजू व्हायच्या आत पोचलो. खेळाडूंच्या सायकली आडव्या बांबूवर सीट अडकवून ओळीने टांगलेल्या होत्या. प्रत्येकाने आपापल्या सायकलखाली टॉवेल अंथरून त्यावर बूट, मोजे, टोपी मांडून ठेवली होती. देवापुढे इतकी नीट पूजा मांडताना मी या माणसाला कधी पाहिलं नाही. त्या जागेभोवती लोखंडी जाळी होती. खेळाडू जाळीच्या आत, बायका-पोरं बाहेर. जाताना त्याने गाडीची किल्ली, चष्मा आणि लग्नाची अंगठी माझ्या हातात दिली. पाण्यात बोटं आखडतात आणि अंगठी निसटते, म्हणून. ‘येतो,’ म्हणाला आणि गेला.

पाण्यात उतरताना सगळ्यांच्या डोक्यावर सारखीच केशरी टोपी. भोंगा वाजला, आणि इतक्या वर्षांच्या संसारानंतर त्या हलणाऱ्या डोक्यांतलं माझं कुठलं, ते मला सांगता येईना. शेजारी एक गावातली बाई किटली घेऊन चहा विकत होती. तिने विचारलं, “तुमचं मानूस कुठं हाय?”

“पाण्यात,” मी म्हटलं.

“आन् तुमी?”

“मी इथे.”

“ते दिसतंय की,” ती म्हणाली आणि तिने मला चहा दिला.

पहिली माणसं पाण्यातून पळत बाहेर आली. हेल्मेट घालायचं, पट्टा लावायचा, मगच सायकलला हात लावायचा, असा नियम. एकेक सायकल बांबूवरून निघत गेली. मी त्याच्या सायकलवर नजर ठेवून होते. त्या ओळीत तसल्याच दोन काळ्या सायकली शेजारी शेजारी होत्या. त्यातली एक एका उंच माणसाने ओढली आणि तो गेला. मला वाटलं, दुसरी आपली.

नवरा बाहेर आला तो जवळजवळ शेवटी. थंडीने ओठ निळे पडले होते. धापा टाकत टॉवेलपाशी पोचला, हेल्मेट घातलं, पट्टा लावला, हात पुढे केला आणि तसाच थांबला. टॉवेल त्याचा होता, बूट त्याचे होते. सायकल त्याची नव्हती. त्याची घेऊन तो उंच माणूस केव्हाच रस्त्याला लागला होता.

कार्यकर्ते धावत आले. कोणीतरी रेडिओवर ओरडलं की पुढच्या वळणावर त्या माणसाला थांबवा. वळणावरचा कार्यकर्ता नाश्त्याला गेला होता, असं नंतर कळलं. एक जण म्हणाला, “तुम्ही त्यांची घेऊन जा की काका, सारखीच तर आहे.” नवऱ्याने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने परक्याची चप्पल घालून देवळातून घरी जा म्हटलं होतं. दुसऱ्याची सायकल तो घेणार नव्हता. नियमात बसत नव्हतं, आणि नियमाच्या बाबतीत माझा नवरा सदाशिव पेठेत वाढलेला आहे.

मग त्याला करण्यासारखं काही उरलं नाही. तो येऊन जाळीला टेकून खाली बसला. डोक्यावर हेल्मेट तसंच. मी जाळीच्या बाहेर जमिनीवर बसले. त्याचा टॉवेल तिकडे सायकलखालीच राहिला होता, म्हणून मी माझी ओढणी जाळीच्या भोकातून ढकलली. त्याने ती खांद्यावर घेतली.

कितीतरी महिन्यांनी तो माझ्याजवळ नुसता बसला होता. घड्याळाकडे बघायचं कारण नव्हतं, झोपायची वेळ नव्हती, घरघर नव्हती. पाण्यावर ऊन आलं होतं. माझ्या मनात आलं, भलं होवो त्या उंच माणसाचं. असं वाटल्याची लाजही वाटली, पण थोडीच.

“हेल्मेट काढा तरी,” मी म्हटलं.

“काढतो,” म्हणाला आणि काढलं नाही. मग म्हणाला, “काय कटकट आहे. तुझापण रविवार गेला.”

‘तुझं काय चाललंय’ याच्या जितकं जवळ तो येऊ शकत होता, तितकं ते होतं. मी तेवढ्यावर भागवलं. सगळं सांगून टाकलं: नागपूर, बढती, तीन वर्षं, उद्या सकाळी कळवायचंय. मुलगी गेल्यापासून घरात मला दिवसभरात कोणी नावाने हाक मारत नाही, हेही सांगितलं. ते सांगायचं ठरवलेलं नव्हतं, पण निघून गेलं. जाळीतून बोलताना समोरच्याचा चेहरा चौकटी-चौकटींत दिसतो, त्यामुळे असेल, पण बोलायला सोपं गेलं.

तो ऐकत होता. खरंच ऐकत होता. मध्ये एकदाही त्याने मनगटाकडे पाहिलं नाही.

“कधीपासून माहितीये तुला हे?” त्याने विचारलं.

“बरेच दिवस झाले.”

“आणि बोलली नाहीस?”

“तुम्ही कधी विचारलंत?”

त्याने तोंड उघडलं. काहीतरी म्हणणार होता, हे मला त्याच्या कपाळावरून कळलं. तेवढ्यात आरडाओरडा झाला. उंच माणूस परत आला होता. बिचारा ओशाळून अर्धा झाला होता. वीस किलोमीटर दुसऱ्याच्या सायकलवर जाऊन आला आणि त्याला पत्ता नाही! म्हणाला, “सीट जरा खाली वाटत होती, पण मला वाटलं, आज पायच जड आहेत.” सगळे हसले, नवराही हसला. मी हसले नाही. मला हवं होतं ते वाक्य अजून यायचं होतं.

शर्यतीचे मुख्य पंच जवळ आले. सभ्य माणूस. म्हणाले, “तुमची चूक नाही, पण वेळमर्यादा उलटली. निकालात धरता येणार नाही, बाद लिहावं लागेल. रस्ता अजून तासभर मोकळा आहे. स्वतःच्या समाधानासाठी पुरी करायची तर करा.”

नवऱ्याने सायकलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. या वेळी मी हट्टाने गप्प नव्हते. कोणाला ओढून थांबवलं तर ते थांबणं आपल्या काय कामाचं, असं मला वाटत होतं.

“येतोच,” तो म्हणाला.

सीट वर-खाली करून पाहिली, ओढणी जाळीवर टाकली आणि गेला. त्याची पाठ वळणाआड जाईपर्यंत मी बघत राहिले. आजूबाजूला पदकं वाटत होते, लोक मिठ्या मारून फोटो काढत होते, पोरं केळी खात होती, आणि मी लोकांच्या घरच्या लग्नात चुकून आल्यासारखी उभी होते. मी फोन काढला आणि साहेबांना कळवून टाकलं, माझी नागपूरला जायची तयारी आहे. रविवार असूनही त्यांचं उत्तर लगेच आलं. अभिनंदन म्हणाले, आणि ते मनापासून होतं.

किल्ली माझ्याकडे होती. मनात आलं असतं तर निघून जाता आलं असतं. गेले नाही. चष्मा आणि अंगठीही माझ्याकडेच होती, आणि त्या माणसाला चष्म्याशिवाय लांबचं नीट दिसत नाही.

सायकल ठेवून तो तसाच पळायला गेला. तो पळून परत आला तोवर शेवटच्या रेषेवरची हवा भरून फुगवलेली कमान कार्यकर्त्यांनी सोडायला घेतली होती. ती एका बाजूने बसत चालली होती. तो तिच्याखालून वाकून आला. टाळ्या मी वाजवल्या आणि कमान सोडणाऱ्या दोघांनी वाजवल्या. तो थेट माझ्याकडे आला, गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला, आणि श्वास पुरता परत यायच्या आधीच म्हणाला,

“कळवलंस?”

“हो.”

“काय?”

“जाते म्हणून.”

त्याने मान हलवली. मी चष्मा दिला. तो चष्मा हातात धरून तसाच उभा राहिला.

“पहिल्याच चढावर वाटलं,” तो म्हणाला, “की परत यावं आणि तुला सांगावं, नको जाऊस.”

“मग का नाही आलात?”

“त्या रस्त्यावर मधूनच उलटं फिरता येत नाही गं. बाद करतात.”

“अहो,” मी म्हटलं, “तुम्ही आधीच बाद होतात.”

त्याने चष्मा घातला आणि हळूच म्हणाला, “हो की. लक्षातच नाही आलं.”