शहागंजातला हिना

छत्रपती संभाजीनगरच्या बसस्थानकावर उतरले तेव्हा साडेदहा झाले होते. आईने शहागंजातून हिना अत्तर आणायला सांगितलं होतं. रिक्षावाल्याने मला बाजाराच्या अलीकडेच उतरवलं.

"पुढं गाडी सोडत नाय आज. धूर कमी करायचाय म्हणं सरकारला. जा ताई, लई लांब नाय."

रस्त्यावर लोखंडी कठडे लावले होते. हवा सुधारावी म्हणून महापालिकेने बाजाराचा रस्ता एक दिवस वाहनांना बंद ठेवला होता. दुकानदार हो म्हणाले, तर दर आठवड्याला तसं होणार होतं. आत शिरले आणि चक्क चपलांचे आवाज ऐकू आले.

आईने सांगितलेल्या अत्तरवाल्या चाचांचं दुकान म्हणजे एक कपाट आणि एक बाकडं. समोर महापालिकेच्या एक बाई फॉर्म घेऊन उभ्या होत्या.

"सकाळपासून बोहनी नाय मॅडम. हर हप्ता असंच केलं तर मी काय माशा मारू?"

"मग तसं लिहा ना, चाचा."

"लिहितोच. थांबा, गिऱ्हाईक आलं. या बेटा."

त्यांनी फाया (अत्तरात बुडवलेला कापसाचा बोळा) माझ्या उजव्या मनगटावर दोनदा फिरवला. मला लागोपाठ तीन शिंका आल्या. अशा वेळी मी काही न बोलता निघून जाते. उठलेही होते, पण चाचांचा चेहरा पडला.

"पसंत नाय?"

"चांगलं आहे. फक्त… फार जास्त आहे."

त्यांनी फाया स्वतःच्या नाकाशी नेला आणि हसू लागले. "तौबा! गाड्यांच्या धुरात एकदा फिरवून कळतच नाय, म्हणून दोनदा फिरवतो. वीस बरसांची आदत!"

मी डावं मनगट पुढे केलं. या वेळी फाया एकदाच फिरला. भिजवलेल्या मेंदीसारखा वास सावकाश वर आला. रस्त्याने जाणाऱ्या दोघीजणी थबकल्या. "चाचा, काय उघडलंय हो?"

त्या बाकड्यावर टेकल्या. चाचांनी हळूच फॉर्म मागून घेतला.

"काय लिहिताय?" बाईंनी विचारलं.

"पुढच्या हप्त्यात परत बंद करा. पण माल उतरवायला सकाळी टेम्पो सोडा, हे बी लिहितो. नायतर शेजारचे मला मारतील!"

आईसाठी कुपी घेऊन संध्याकाळी नाशिकला पोहोचले. घरी जाताना रिक्षा सिग्नलला थांबली, चहूकडे धूर. डावं मनगट नाकाशी नेलं, काहीच नाही. उजव्यावर मात्र हिना होता. चाचांची वीस वर्षांची सवय आमच्या चौकाला अजून लागू होती.

मी अनोळखी माणसाला सहसा काही सांगत नाही.

"काका, सिग्नल सुटेपर्यंत इंजिन बंद करता का?"

त्यांनी आरशातून पाहिलं आणि किल्ली फिरवली. डाव्या मनगटाला वास तरीही आला नाही. पण आमच्या पायाखालची थरथर थांबली, आणि शेजारच्या रिक्षावाल्याने वळून पाहिलं.