तुटलेल्या सुईची वही

कारखान्यात सगळे तिला सुईमावशी म्हणायचे. तिथे दोनशे मशिनींवर लहान मुलांचे झगे शिवले जायचे आणि समुद्रापलीकडे जायचे. मावशीचं काम एकच. कुणाची सुई तुटली, की जुनीचे सगळे तुकडे हातात आल्याशिवाय नवी द्यायची नाही. ते तुकडे ती वहीत एकाला एक जोडून चिकटपट्टीने लावायची. शेजारच्या रकान्यात लिहायची, तुकडा कुठे सापडला. एखादं टोक झग्यात राहून तिकडच्या पोराला टोचू नये, म्हणून परदेशी गिऱ्हाइकाने घातलेला हा नियम होता.

मावशीला तो मनापासून पटायचा. "पोर कुणाचंही असो, टोचलं की रडणारच," असं म्हणत बारा वर्षं तिने भल्याभल्यांना टेबलाखाली रांगायला लावलं होतं.

त्या मंगळवारी सातव्या ओळीतल्या चिमणीची सुई तुटली. चिमणी विशीतली, चणीने बारीक. बोटाला चिंधी गुंडाळून ती तुकडे घेऊन आली. मावशीने ते जोडून पाहिले, तर टोक नाही. ओळ थांबली. एकूण एक झगा धातू शोधणाऱ्या यंत्राखालून गेला, जमिनीवरून चुंबक फिरलं. मॅनेजरसाहेब घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होते. असा दीड तास गेला.

मग मावशीचं लक्ष चिंधीकडे गेलं. "बोट दाखव गं," म्हणत तिने हातातलं छोटं यंत्र बोटावरून फिरवलं. ते वाजलं.

डॉक्टरांनी टोक काढलं. मावशीने ते मागून घेतलं, वहीत लावलं आणि रकान्यात लिहिलं : बोटात.

"मावशी, ते खोडा," साहेब म्हणाले. "जमिनीवर, असं लिहा. पुढच्या आठवड्यात गिऱ्हाइकाचे तपासणीवाले येतायत."

"जमिनीवर नव्हतं ते."

"झग्यातही नव्हतं ना? मग गिऱ्हाइकाचं काय जातं?"

"त्याच्या पोरासाठी दीड तास शोधलं, साहेब. हिला विचारलं का कुणी, दुखतंय का म्हणून?"

साहेबांनी एक छापील कागद पुढे सरकवला. या तीन महिन्यांत कुणाही कामगाराला इजा झालेली नाही, असा मजकूर. खाली मावशीचं नाव आणि त्याखाली 'कामगारांनी निवडून दिलेली प्रतिनिधी'.

"मला कधी निवडलं?"

"बिनविरोध आलात तुम्ही. सही तेवढी राहिलीय."

"मतं कुणी दिली?"

"अहो, बिनविरोध म्हणजे मतं लागतच नाहीत."

"मग आधी मतं घ्या. निवडून आले तर सहीचं बघू." बोलून गेली खरी, पण नोकरी जाण्याची भीती होती. नवरा घरीच असायचा, घर तिच्याच पगारावर चालायचं.

साहेबांनी विचार केला आणि चक्क हो म्हटलं. त्यांनी समोर उभा केला इस्त्रीवाला. तो इस्त्रीच्या वाफेशीसुद्धा भांडायचा, म्हणून त्याला सगळे वकील म्हणत. बोलतो फार, पण चहाच्या कपात विरघळतो, असा साहेबांचा अंदाज. शिवाय त्याने कितीतरी जणांच्या रजेसाठी भांडण काढलेलं, तर मावशीने त्याच लोकांना रांगायला लावलेलं.

जेवणाच्या सुट्टीत मतदान झालं. पांढरं बटण मावशीचं, काळं वकिलाचं, तोंड आवळलेल्या कापडी पिशवीत टाकायचं. मावशीला पडली ब्याऐंशी, वकिलाला एकशे सतरा. एक गुलाबी निघालं, ते बाद.

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच," रात्री नवरा म्हणाला.

"हरले त्याचं सोडा हो. उद्या तो सही करेल आणि चिमणीचं बोट कधी दुखलंच नाही असं होईल."

सकाळी मावशीने सुया द्यायच्या खिडकीतून पाहिलं. साहेबांनी कागद इस्त्रीच्या टेबलावर ठेवला, सोबत चहा. वकिलाने कागद दोनदा वाचला. मग उठला, सातव्या ओळीपाशी जाऊन चिमणीचं बोट बघून आला आणि मावशीपाशी येऊन म्हणाला, "वही द्या." पान उघडून त्याने 'बोटात' हा शब्द वाचला.

साहेब मागोमाग आले. "सही कर ना रे. कसला विचार?"

"काल एकशे सतरा जणांनी माझं बटण टाकलं. त्यांना विचारल्याशिवाय कशी करू?"

"यांनी शिकवलं वाटतं."

"यांच्याशी माझं कधी पटलंय, साहेब? पण मतं मला पडली म्हणून टोक जमिनीवर जात नाही."

दुपारी त्याने सगळ्यांना विचारलं. मग एकीने जुना वण दाखवला, मग दुसरीने. अकरा बोटं निघाली. छापील कागद बाजूला पडला, त्याच्या जागी अकरांची यादी तयार झाली आणि खाली वकिलाने सही केली. तपासणीवाल्यांनी यादीचे फोटो काढून नेले. उंटावरून शेळ्या हाकणारे ते, पुढे काय करतील कुणास ठाऊक. साहेब मावशीशी बोलेनासे झाले. पण 'बोटात' हा शब्द कुणी खोडला नाही, आणि कुणाला लागलं का, हा नवा रकाना वहीत घ्यायचं ठरलं.

रेघा मारायला वकील स्वतः आला. "मावशी, राग नाही ना?"

"आहे. ब्याऐंशीच पडली मला."

"पुढच्या वेळी परत उभ्या राहा."

"राहणारच आहे. तू पट्टी नीट धर, रेघ वाकडी जातेय."