बीडच्या कॅलेंडरवरची भरती

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी दिंद्रुडला एका विहिरीच्या काठावर ओल्या अंगानं उभा होतो. आत पडलेली पंपाची मोटार दोराला बांधून नुकताच वर आलो होतो. पन्नाशी उलटली तरी असल्या कामाला अजून मलाच बोलावतात. तसेच कपडे चढवून बीड गाठलं, तोवर दत्ताला पुढच्या खोलीत ठेवलं होतं. त्याची बायको, सुनंदावहिनी, मला बघून उठल्या आणि जमलेल्या बायकांना म्हणाल्या, "यांच्यामुळं मला बारा वर्षं जादा मिळाली. यांनीच आमच्या मालकाला समुद्रातून काढलं व्हतं." सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मी हात जोडले... आणि गप्प राहिलो. त्याला आता दोन महिने होतील. ते गप्प राहणं अजून घास खाली उतरू देत नाही.

दत्ता आणि मी दिंद्रुडच्या शाळेत एका बाकावरचे. तो पुढं जिल्हा परिषदेचा मास्तर झाला आणि नेमणूक मिळाली थेट रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्रकाठच्या एका शाळेवर. आंतरजिल्हा बदलीसाठी आमच्याकडचे मास्तर तिकडे वर्षानुवर्षं दिवस मोजत बसतात आणि मे महिन्याची सुट्टी लागली की त्याच संध्याकाळी एसटी पकडतात. दत्ता मात्र वहिनींना आणि मुलींना बीडला धाडून आपण मागं राहायचा. मासे हे कारण. माजलगावच्या धरणापलीकडे ज्यानं पाणी पाहिलं नव्हतं, तो शेजारच्या कोळ्याकडून पाग टाकायला शिकला होता. पाग म्हणजे गोल जाळं, कडेला शिशाच्या गोळ्या, मधली दोरी मनगटाला बांधलेली. उन्हाळ्यातला समुद्र तो मला फोनवर धडा शिकवल्यासारखा सांगायचा. पहाटे वारा पडलेला असतो, तेव्हा बोटी सुरमईसाठी लांब जातात. दुपारनंतर वारा उठतो. खाडीच्या तोंडाशी बोय मासळी मिळते, पण वाळूवरून पाग टाकायचा तो पाणी चढताना. ओहोटी लागायच्या आत बाहेर यायचं. मे सरत आला की पाणी गढूळतं, मग बोटी वर ओढून घेतात. आणि एवढं सगळं कळणाऱ्या या माणसाला पोहता येत नव्हतं. मी चिडवलं की म्हणायचा, "म्हनून तर तिथी बघतो." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा त्याचा हिशोब. चतुर्थी असेल तर तीन वाजता.

बारा वर्षांपूर्वी मी तिथं गेलो तो दिवस संकष्टीचाच होता. मला उपास होता, ऊन मी म्हणत होतं, आणि समोरचं पाणी आमच्या विहिरीसारखं निवांत दिसत होतं. चार वाजून गेले होते. दत्तानं पाग खांद्यावर टाकला आणि म्हणाला, पाणी फिरलंय, ओहोटी लागली, आता उतरायचं नाही. मी हसलो. साठ हात खोल विहिरीचा तळ गाठणारा मी, मला हा मास्तर पाणी शिकवणार! खाडीच्या तोंडाशी सूर मारला. पहिले दहा-बारा हात मजेत गेले, मग मागं वळून बघितलं तर दत्ता लहान दिसायला लागला होता. मी काठाकडे हात मारत होतो आणि काठ लांबच जात होता. विहिरीचं पाणी माणसाला कुठं नेत नाही, हे तेव्हा कळलं. खांदे भरून आले, तोंडात खारट पाणी गेलं, आणि मला खरोखर आईची आठवण झाली. दत्ता किनाऱ्यानं माझ्याबरोबर पळत ओरडत होता, "काठाकडं येऊ नको बे. आडवा जा, खडकाकडं." आडवा गेलो. खडकाजवळ आलो, पण हात उचलेना. तेव्हा तो पाण्यात शिरला. कमरेइतक्या, छातीइतक्या, मग गळ्याइतक्या पाण्यात. आणि तिथून त्यानं पाग फेकला. शिशाच्या गोळ्या खांद्यावर बसल्या, मी जाळ्याला मिठी मारली, आणि त्यानं मला मासा ओढावा तसा ओढून काढलं. दोरी त्याच्या मनगटाला बांधलेली होती. मी वाहून गेलो असतो तर तोही माझ्यामागं आला असता.

चार दिवसांनी दोघं बीडच्या स्टँडवर उतरलो. ओळखीचे चौघं भेटले, त्यातल्या एकानं माझ्या खांद्यावरचे काळेनिळे डाग बघून विचारलं. जाळ्यातून निघालो हे तोंडातून फुटेना. मी म्हणालो, दत्ता वाहून चालला होता, त्याला काढताना लागलं. दत्ता शेजारीच पिशवी धरून उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाला, "लई पाणी व्हतं." संध्याकाळपर्यंत ती गोष्ट वहिनींपर्यंत पोचली. तेव्हापासून दर संकष्टीला त्या लिंबागणेशच्या गणपतीला जातात आणि माझ्या वाटणीचा प्रसाद वेगळा ठेवतात. बारा वर्षं मी तो खाल्ला.

पुढच्याच वर्षी त्याची बीडला बदली झाली. बाकीचे पेढे वाटतात, हा आठवडाभर तोंड पाडून होता. बीडच्या स्वयंपाकघरात, समुद्रापासून इतक्या लांब, तो जानेवारीतच कॅलेंडर खाली काढून उन्हाळ्याच्या प्रत्येक चौकटीत पेन्सिलनं भरतीची वेळ लिहायचा. वहिनी म्हणायच्या, इथं नळाला पाणी येत नाही, त्याची वेळ लिहा. एकदा तिथंच, दोघंच असताना, मी विचारलं, "तू कावून बोलला न्हाईस?" त्यानं पेन्सिल थांबवली नाही. म्हणाला, "तुजं नाव गेलं तर लोकांच्या मोटारी कोन काढंल?" मी हसलो होतो. खरं तर त्याच्या पाया पडायला हवं होतं.

तो गेल्यावर तीनदा बीडला गेलो, खरं सांगायचं ठरवून. तिन्ही वेळा वहिनींनी चहा दिला आणि मी कॅलेंडर बघून परत आलो. समोरासमोर जमलं नाही म्हणून हे लिहितोय, हाही भित्रेपणाच. वहिनी, तुम्हाला बारा वर्षं मी दिली नाहीत. माझ्या घरच्यांना ती तुमच्या मालकानं दिली.

रविवारी पेपरची ही पुरवणी तुमच्या घरी येईल. त्या दिवसाची चौकट मी बघून ठेवलीय. षष्ठी, भरती साडेचार, त्याचंच अक्षर. वाचून तुम्ही दार लावून घेतलंत तरी चालेल, पण मी येतोय. ओहोटी लागायच्या आत.