घरी न सापडलेली म्हातारी माणसं

अमरावतीला जाण्यासाठी बडनेऱ्याला गाडीतून उतरले तेव्हा थंडीने बोटं आखडली होती आणि रुळांपलीकडची काळी जमीन नुकती उजाडत होती. "म्हाताऱ्या माणसांचा अभ्यास करायला वऱ्हाडात जाते," असं पुण्याला घरी सांगितल्यावर थोरल्या काकू म्हणाल्या होत्या, "त्यासाठी इतक्या लांब कशाला? मी इथेच आहे की!" सगळे हसले, पण मला जायचंच होतं. अर्थशास्त्र घेऊन मी बी.ए. झाले होते. सरासरी काढता येत होती. ती ज्या आकड्यांवरून काढायची ते खऱ्या माणसांकडून कसे मिळवतात, हे मात्र कोणी शिकवलं नव्हतं.

अमरावतीचे प्राध्यापक ठोसर ते शिकवणार होते. अकोल्याच्या एका धर्मादाय समितीला जिल्ह्यातल्या वृद्धांसाठी मोठा आश्रम बांधायचा होता. आधी पाहणी करू, मग बांधा, असं सांगून सरांनी ते काम अंगावर घेतलं होतं, आणि बार्शीटाकळीचा भाग माझ्याकडे दिला होता.

पहिल्याच सकाळी सर मला कापसाच्या बाजारात घेऊन गेले. गाड्यांची रांग लागली होती. एक व्यापारी गाडीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून कापूस ओढून पाहत होता.

"वर दिसतो तेवढ्यावर तो भाव करत नाही," सर म्हणाले. "आपणही समोर दिसेल तो म्हातारा धरायचा नाही. गावातल्या सगळ्या घरांच्या चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्या घराची चिठ्ठी निघेल तिथेच जायचं. माणूस भेटला नाही तर परत जायचं. शेजारचा चालणार नाही."

वय कसं विचारायचं तेही त्यांनी शिकवलं. नुसतं विचारलं की लोक पन्नास नाहीतर साठ सांगून मोकळे होतात. त्यापेक्षा चाळीस वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुष्काळात केवढे होतात, प्लेगच्या वेळी लग्न झालं होतं का, असं विचारावं.

दुपारी सरांच्या घरी ठोसरकाकूंनी गरम भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. "वरून सांबार टाकू?" त्यांनी विचारलं. कॉलेजातल्या मद्रासी मैत्रिणीकडे खाल्लेलं पातळ सांबार आठवून मी घाबरत "थोडंसंच" म्हटलं, तर त्यांनी चिमूटभर कोथिंबीर भुरभुरली. वऱ्हाडात कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात.

अकोल्याहून बार्शीटाकळीची मोटार वाटेत चाक फुटून बसली. आम्ही सगळे उतारू तुरीच्या शेताकडेला बसलो. एका बाईने न विचारता माझ्या ओंजळीत शेंगा ओतल्या. गावात पोचलो तेव्हा सगळ्यांचे चेहरे धुळीने एकाच रंगाचे झाले होते.

सोबतीला शाळेचे शंकरगुरुजी होते. चिठ्ठ्यांप्रमाणे आम्ही घरं घेऊ लागलो. जी म्हातारी माणसं भेटली ती पाहून जीव गलबलला. कोणी खाटेला खिळलेलं, कोणी खोकल्याने बेजार. उरलेल्या घरांतून एकच उत्तर येई, "बुढी वावरात गेली." वावर म्हणजे शेत. परत गेलं तरी तेच.

गुरुजी कंटाळले. "बाई, काहून दमून राहिल्या? हे समोर वट्ट्यावर बसले आयेत ना, यायलेच विचारा."

समितीची बैठक तोंडावर आली होती, आणि पाय इतके दुखत होते की मी जवळजवळ त्या ओट्यावर टेकलेच होते. पण सरांचं 'शेजारचा चालणार नाही' कानात होतं. म्हणून उभीच राहिले, आणि तेव्हाच लक्षात आलं. घरी भेटणारी माणसं घरी होती ती चालता येत नव्हतं म्हणून. चालणारी कधीची निघून गेलेली! एवढ्यावर थांबले तर समितीला सांगणार होते की म्हातारपण म्हणजे खाट.

"गुरुजी, उद्या वावरातच जाऊ," मी म्हटलं.

सकाळी माळ्यांच्या मळ्यात मोट चालू होती. मुलगा बैल हाकत होता आणि त्याची आई भागाबाई, माझ्या यादीतली 'न भेटलेली', ओणवी होऊन सांबार खुडत होती.

"आजी, वय काय तुमचं?"

"मले काय माईत? मोठ्या दुस्काळात माह्या कडेवर लेकरू होतं."

"अजून काम झेपतं?"

"काहून नाई झेपनार? घरी बसून काय करू?"

"अकोल्याला आश्रम झाला तर राहायला जाल?"

ती कंबर धरून सरळ झाली आणि हसली. "मले घर हाये, पोरगा हाये. तुमाले द्याचंच असंन तं डोये द्या. आता समदं धुरावानी दिसते. जुडीत गवत जाते, मंग गिऱ्हाईक बोलते."

मी जवळून पाहिलं. दोन्ही बुबुळांवर मोतीबिंदूची पांढरट साय होती. त्या आठवड्यात शेतांत भेटलेल्या कितीतरी जणांनी हेच मागितलं.

अकोल्याच्या बैठकीत सरांनी मलाच उभं केलं. घरी भेटलेले आणि वावरात भेटलेले, दोन्हींचे आकडे मी वाचून दाखवले. एक वयस्कर सभासद नाराज होऊन म्हणाले, "म्हणजे आश्रम नको म्हणता?"

"खाटेवरच्यांना हवाच आहे," मी म्हटलं. "पण म्हातारी माणसं तेवढीच नाहीत. बाकीची कामावर आहेत. त्यांना छप्पर नको, नजर हवी आहे."

बरीच वादावादी झाली. शेवटी आश्रम लहान बांधायचा आणि उरलेल्या निधीतून डोळ्यांचा डॉक्टर बार्शीटाकळीला आणायचा, असं ठरलं. सरांनी माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

निघण्याआधी मळ्यात जाऊन मी भागाबाईला ही बातमी सांगितली.

"खरंच येते का डागदर?"

"याच हिवाळ्यात येतो म्हणालेत."

"मंग तू बी ये. आवाजावरून तं लहान पोरगी वाटतं. येकडाव पाहू दे मले."

परतीच्या गाडीत अकोल्यापुढे ऊन वर आलं. पुण्याहून येताना मी वृद्धांना शोधायला निघाले होते, आणि माझ्या मनात ते ओसरीवरच बसलेले होते. आता खिडकीतून वावरामागून वावर जात होतं. कपाशीत, तुरीत, भाजीच्या वाफ्यांत पाठी वाकलेल्या होत्या. त्यांतलं म्हातारं कोण आणि तरणं कोण, गाडीतून काही सांगता येत नव्हतं.