आमच्या घरात सुशीला कोण?

मंडळी, सकाळपासून डोकं चालंना झालंय.

उद्या माझ्या भावाचं लग्न. पिरनवाडीतलं आमचं घर पाहुण्यांनी भरलंय. गृहप्रवेशानंतर तांदळाच्या ताटात नवरीचं नवं नाव कुठलं लिहायचं, यावरून आम्हा बहिणींची भांडणं चालली होती.

तेवढ्यात कणकुंबीहून एक म्हातारी दारात आली. "सुशीला हाय काय गं?"

"सुशीला इथं कोण न्हाय, आजी. पलीकडच्या गल्लीत विचारा," मी म्हणाले. ती बिचारी वळली.

आतून आमची मंदाकाकू पिठाच्या हातानंच धावत आली. "अगं थांब की! मी हाय इथं!"

दोघी गळ्यात पडून रडायला लागल्या. सुशीला हे काकूचं माहेरचं नाव, आणि ही तिची कणकुंबीतली बालमैत्रीण. आम्हा पोरांना कुणाला पत्ताच नव्हता. काकांना विचारलं, तर म्हणाले, "व्हय की, असंच कायतरी हुतं."

मैत्रीण गेल्यावर मी विचारलं, "काकू, आता तुला काय म्हणू?"

"मंदाच म्हण गं. सुशीला म्हणून हाक मारणारी आता ही एकटीच राहिलीया."

तेव्हापासून तांदळाचं ताट पुढ्यात घेऊन बसलेय. होणाऱ्या वहिनीला फोन लावावा म्हणते. पण नाव बदलायचं आम्हीच ठरवून बसलोय, मग तिला आता काय म्हणून विचारू?