वनूताईचा पुढचा टायर

वनूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी रोह्याला कामावर होते. ती माझी मावसबहीण. मिठागरात राबलेल्या घरातली, नागोठण्याच्या कंपनीत शिफ्ट करणारी आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरउतारावर सायकल सोडणारी. कासूजवळच्या तिच्या घरी मी पोहोचले तोवर दारातल्या बायकांचा निवाडा होऊन गेला होता : सायकलनं नेलं पोरीला. खरं तर तिला पुरानंतरच्या तापानं नेलं. नागोठण्यात पाणी भरलं तेव्हा कमरेएवढ्या पाण्यातून ती लोकांचं सामान काढत होती, आणि पुढे ताप अंगावर काढत कामावर गेली. हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण खोटं सोयीचं होतं... ताई ज्या पोरींना उतार शिकवायची, त्यांना घरी बसवायला तेवढं पुरलं.

आमच्या खाडीकाठी सायकल म्हणजे ओझ्याचं जनावर. बांधावरून गोणी न्यायच्या, म्हणून टायर दगडासारखा टणक ठेवायचा. ताईनं डोंगरात चालवायची जुनी सायकल घेतली तेव्हा तिच्यातही तशीच ठासून हवा भरली, आणि खांब गावाच्या बाजूच्या डोंगरात पहिल्याच उतारावर सुट्या खड्यांवरून उडून ती करवंदीच्या जाळीत गेली. बाहेर आली ती कोपरातले काटे काढत, हसत. तेव्हापासून टायर हा तिचा अभ्यासच झाला. पेणच्या दुकानदारानं एकसारखा जोड पुढे केला की ही पुढचा आणि मागचा वेगळा मागायची. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं तर माणूस तोंडावर, असा तिचा हिशेब. म्हणून पुढे रुंद, मऊ रबराचा टायर, त्यावरचे माती धरणारे दाणे उंच आणि विरळ. कडेचे दाणे तर भक्कमच हवेत, कारण वळणावर सायकल कलली की भार त्यांच्यावर येतो. मागच्याचे दाणे दाट आणि बुटके चालतील, चढावर दम कमी लागतो. हवा जरा कमी, म्हणजे रबर जमिनीला धरून राहतं. पण इतकीही कमी नाही की रिम दगडावर आपटेल.

माझे आईबाप चळवळीतले, मी पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून वाढलेली. ताईनं मला पहिल्या उताराच्या तोंडाशी नेलं, तेव्हा मी ब्रेक आवळून उभी राहिले आणि तिला भीती बायकांवर कशी लादली जाते ते समजावू लागले. तिनं बरंच ऐकून घेतलं. मग म्हणाली, “भ्या वाटतंय तर वाटू दे गो. टायर बरोबर हाय. तुझं पत्रक वाचून झालं असल तर ब्रेक सोड.” मी सोडला. पुढच्या चाकानं माती धरल्याचं हातांना कळलं, आणि भाषणानं जी भीती गेली नव्हती ती सुटली. खाली ती शांतपणे म्हणाली, पोरीला भावाची झिजलेली सायकल द्यायची, गुळगुळीत टायरवर ती घसरली की म्हणायचं, हे पोरींचं काम नाय. इतकं नेमकं पत्रक आमच्या घरात कधी छापलं गेलं नाही.

महिन्याभरानं कळलं की मावशी सायकल भंगारात देणार आहे. त्याच सायकलवर शिकणाऱ्या पोरींच्या आया म्हणत होत्या, वनूची आई हो म्हणाली तरच पोरींना पुन्हा उतारावर पाठवू. मी वाद घालायच्या तयारीनं गेले. मावशीनं तो घालूच दिला नाही. “ताप होता, म्हाईत हाय मला,” ती म्हणाली. “पन सायकल दारात दिसली का वाटतं, वनू कामावरनं आली.” पोरी वाट बघतायत, एवढंच मी सांगितलं. मग ती पडवीत जाऊन सायकलीपाशी वाकली आणि पुढच्या टायरवरून हात फिरवला.

“कडंचे दाने गेलेत ह्याचे. ह्याच्यावर पोर पडली, तर मंग खरंच म्हनतील, सायकलनं नेलं.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पेणला गेलो. दुकानदारानं टायर काढला. मी तोंड उघडायच्या आत मावशीनं तो मांडीवर घेतला, कडेच्या एकेका दाण्यात नख रुतवून पाहिलं, थेट ताईसारखी मान वाकडी केली आणि टायर परत सरकवला.

“कडक हाय. पुढं लावायचाय. दुसरा दाखव.”