बघायला आलेल्या बाई

खाज अनावर झाली की मी सुती फडकं गार पाण्यात पिळून कोपरांवर ठेवते. आज दुपारीही ठेवलं, आणि ओल्या सुताच्या वासाने नाशिक रोडच्या आमच्या जुन्या क्वार्टरचं स्वयंपाकघर आठवलं.

मे महिना होता. अंबडला कारखान्यात नोकरी करणारा मुलगा मला बघायला आला होता, सोबत नामपूरहून त्याची आई. माझा इसब दिसू नये म्हणून आईने मला लांब बाह्यांचा ब्लाउज घालायला लावला होता. घामाने आत नुसती आग होत होती. पोह्यांच्या बशा ठेवून मी आत पळाले आणि बाहीवरूनच खाजवत सुटले.

"लय खाजतं का गं?" मुलाची आई दारात उभी होती.

त्यांनी माठातलं पाणी फडक्यावर ओतलं, माझी बाही वर सारली आणि ते कोपरावर ठेवलं. मग पदर बाजूला करून स्वतःचं तसंच खरखरीत, काळं पडलेलं कोपर दाखवलं. "मला बी हाय. नखं नको लावू, नुसतं दाबून धर."

त्यांचा होकार आला. पण त्यांनाही इसब आहे हे मी आईला सांगितलं होतं, आणि त्यावरूनच तिने नकार कळवला. "त्यांच्याकडेही तेच, मग मुलांचं काय होईल?" मीही हट्ट धरला नाही. उलट सुटल्यासारखंच वाटलं, इतकी मला त्यांनी माझं कोपर पाहिल्याची लाज वाटत होती.

आता पंचावन्नची झाले. मलमं बदलली, डॉक्टर बदलले. प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगून थकायला होतं. त्या बाईंना मला काहीच सांगावं लागलं नव्हतं.